परक्या बंदराचा वाटा

सातपाटी, गुरुवार, ता. ९ मे १९९१
सकाळी सव्वासहा, सोसायटीच्या बर्फ कारखान्याचा ओटा

ती. सौ. दमयंतीताईस,
धाकट्या शांतारामचा शि. सा. न. वि. वि.

लाद्या फोडणारे अजून आले नाहीत, तोवर लिहून घेतो. घरी सर्व खुशाल. आईचे बोंबील वाळले. तुझ्या स्टोव्हची पिन बदललीस का? नसेल तर आजच बदल.

बांगलादेशातले वादळ रेडिओवर ऐकलेच असशील. मच्छीमारांच्या वस्त्याच वाहून गेल्या. तेव्हापासून शेजारच्या आनंदीकाकी स्वस्थ नाहीत. मंगळवारी लोकसभेचे उमेदवार साहेब बंदरावर सभा घेणार. काकी म्हणतात, त्यांना पयलं हेच इचारायचं, की निवडून आलात तर त्या लोकांना धान्य, जाळी, होड्या आपल्या सरकारने आणखी धाडाव्या म्हणून दिल्लीत बोलणार का नाय? आळीतल्या सगळ्या बाया त्यांच्या बाजूच्या.

सोसायटीचे चेअरमन तात्या म्हणतात, साहेबांना घाई आहे, प्रश्न एकच होईल आणि तो आपल्या धक्क्याचा. स्वतःच्या होड्या लावायला जागा नाय आणि निघाल्या परमुलखाला वाटायला!

प्रश्न वाचायचा मी, आणि जूनमध्ये मला सोसायटीच्या नोकरीत कायम करायचे की नाही ते तात्यांच्या हाती. काकींनाही नाही म्हणवत नाही. काका बुडाले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. होड्यांनी दारात मासळीचा वाटा टाकला, तो कोणी टाकला हे त्यांनी पाहिले नाही. आता म्हणतात, द्यायला तोंडवळख कशाला लागते?

मी काय करू? उलट टपाली कळव.
तुझा, धास्तावलेला,
शांताराम

बोईसर, शनिवार, ता. ११ मे १९९१

चि. शांतारामास तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद.

पिन बदलली. आता दुसरी काळजी शोध, म्हणजे तुला चैन पडेल.

आमच्या चाळीतही प्रचारवाले आले होते. मी बांगलादेशचे विचारले तर एकजण म्हणाला, बहनजी, पहले अपनी नाली देखिए. मी म्हटले, गटाराचेही सांगते, आत या. तर चपला हातात घेऊनच पळाला. तुझे भावजी अजून हसत आहेत.

अरे, मासळीचा लिलाव आपल्याकडे कसा सुरू होतो? बुडालेल्याच्या घरचा वाटा आधी निघतो, मग बोली. टोपली मध्ये ठेवून कोणी वाटा काढा म्हटले की तात्यासुद्धा हात वर करून सगळ्यांना थांबवतात. मग तू कागद कशाला वाचतोस? काकींना टोपली घेऊन पुढे बसव.

मात्र तात्यांना आदल्या दिवशी सांग. लपवून केलेस तर त्यांच्या नजरेतून कायमचा उतरशील. नोकरी गेलीच तर इथल्या कारखान्यांत बघू.

आईला नमस्कार, तुला एक चापट.
ताई

सातपाटी, बुधवार, ता. १५ मे १९९१
दुपारी दीड, जेवून हात धुतल्यावर

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

सोमवारी तात्यांना सांगितले. ते म्हणाले, बगतो कोन टोपली आनतो ते. रात्रभर झोप नाही.

काल साहेबांचे भाषण संपले. तात्यांनी मला धक्क्याचा कागद वाचायची खूण केली. मी उठलो, कागदाची घडी उघडू लागलो. तेवढ्यात आनंदीकाकींनी रिकामी टोपली साहेबांपुढे ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, वाटा काढा! आणि ताई, तात्यांचाच हात वर गेला, लिलावात जातो तसा. मागची पोरे कुजबुजत होती त्यांना तेच दटावू लागले. हात वर गेल्याचे ध्यानात आले तेव्हा खाली कसा घ्यावा ते त्यांना कळेना.

साहेबांना वाटले वर्गणी. त्यांनी शंभराची नोट टोपलीत टाकली. मागून कोणी ओरडले, मतं इकत घेता काय? साहेबांनी नोट चटकन उचलली. काकी म्हणाल्या, नोट नको सायेब, सबूद टाका. मग मी वाचला तो बायांचा प्रश्न. आवाज बारीक निघाला, पण एकही अक्षर गाळले नाही. साहेबांनी घाम पुसला आणि माइकवर सांगितले, की निवडून आलो तर जास्त मदतीसाठी दिल्लीत बोलेन. बाया अशा ओरडल्या की कावळे उडाले.

धक्क्याचा प्रश्न मात्र राहिला. साहेबांची गाडी सुटली. तात्या माझ्याकडे न बघता घरी गेले.

आज सकाळी ओट्यावर आले. नोकरी गेलीच समजून मी कारखान्याच्या चाव्या पुढे केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. म्हणाले, शनिवारी दुसरा उमेदवार येतोय. त्या आनंदीला सांग, भाषणाआधीच टोपली ठेव, म्हंजे धक्क्याला येळ उरेल. आनि दोन्ही कागद तूच वाच, पन जरा नरड्यातून आवाज काढून. जूनमध्ये तुला कायम केल्यावर असला बारीक आवाज चालायचा नाय.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा
शांताराम