आत्याचा नियम

रविवार, ९ मार्च

दादा,

नमस्कार. तू बरा असशीलच. इथे आम्ही ठीक. म्हणजे बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबा त्याच्याहून जास्त. तुझ्या खोलीत मी शिलाईचं मशीन ठेवलंय, रागावू नकोस. शाळा सुटल्यापासून लिहायची सवय गेलीये, चुका काढत बसू नकोस.

मी आत्याच्या केंद्रात कामाला लागले. आपल्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास चालतो तिथेच. रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवते, फ्रीज पुसते. तुला आवडणार नाही, माहितीये. पण कोणाशी बोलावं लागत नाही ना, म्हणून मला बरं पडतं. आत्या सगळ्यांना सांगते, "ही दिवसभरात फक्त एकदा शिंकते, तेवढाच काय तो आवाज."

आईला स्मशानात पोचवून आल्यावर तू दारातच आत्याला म्हणालास, "आईच्या रक्ताचा निकाल तुझ्याकडे पडून होता आणि तू गप्प बसलीस." पडून होता, खरंय. पण तिने तो बघितलाच नव्हता रे. आधी बाहेरच्यांनी आपलं रक्त नेलं आणि पेपरात छापलं, या आदिवासींची मूत्रपिंडं दारूने सडतात. तेव्हा दारुडा समजून तुलाच कामावरून काढलं ना? म्हणून केंद्राची प्रमुख झाल्यावर आत्याने नियम केला, आपल्या लोकांची सभा बसल्याशिवाय कोणाचाच निकाल उघडायचा नाही. प्रमुखानेही नाही. सगळ्यात जोरात टाळ्या तूच वाजवल्यास. मग सभा पुढे ढकलली, परत ढकलली. आईचे पाय सुजत होते, आपल्याला वाटलं दमली असेल.

असो.

परवा सभा झाली. आत्या उभी राहिली. वाटलं, पद सोडते आता. म्हणाली, "नियम माझा होता. त्यात माझी वहिनी गेली. सगळ्यांच्या रक्तातून काय निघालं ते आधी आपल्याच सभेला कळणार, हा हक्क सोडायचा नाही. पण ज्याच्या जिवाला धोका, त्याला त्याच दिवशी सांगायचं."

मागून एक म्हातारे ओरडले, "हे आधी नाही सुचलं का, बाई?"

"नाही सुचलं."

एवढंच. मग हात वर झाले. मीही केला.

दादा, या नव्या नियमाने पहिला निकाल काल सांगितला. आत्याने मला नळ्यांच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि नुसती हात धूत बसली. मीच विचारलं, "कोणाचा गं?" तिने नळ बंद केला, पण वळलीच नाही. मग कळलं मला.

घाबरू नकोस. आईसारखं उशिरा नाही झालेलं. मला गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सांभाळलं तर बरीच वर्षं निघतील. मूत्रपिंडाचं हे दुखणं दारूबिरूने नाही, आईकडून आलंय. म्हणजे तुझ्यातही असू शकतं.

आत्याच लिहिणार होती तुला. "बाळा" एवढं लिहिलं आणि उठून गेली. म्हणून मी लिहितेय.

तिच्याशी नको बोलूस हवं तर. माफही नको करूस. मलाही अजून जमलेलं नाहीये, रोज तिच्याशेजारी बसून जेवते तरी. फक्त ये आणि हात पुढे कर. सुई तीच टोचते, तिचा हात हलका आहे.

आपल्या घरात आणखी कोणाचं उशिरा कळायला नको रे.

तुझी धाकटी