काही न पिकवल्याचा पुरावा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (इथूनच वाकतो, कंबर आता तेवढंच ऐकते.) दाजींचे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त ती सांगायची कुणाला हा प्रश्न आहे.

पत्रास कारण, ओढ्याकडचा आपला सामाईक तुकडा. त्याला सरकारी अनुदान मिळतं, हे तुला ठाऊकच आहे. जमीन पडीक ठेवायची, तिच्यात काडीही पिकवायची नाही आणि त्याबद्दल सरकारने आपल्याला पैसे द्यायचे. (जन्मभर राबलो तेव्हा कुणी शाबास म्हटलं नाही, आता हाताची घडी घालून बसलो, तर दरवर्षी मंजुरीचं पत्र येतं.) खरंच काही पिकलं नाही ना, हे बघायला वर्षातून एकदा पाहणीचे साहेब यायचे. वयाने तुझ्या थोरल्याएवढे. पहिल्या वर्षी आले, रिकाम्या शेताचे चारही बाजूंनी फोटो काढले, मग ओट्यावर बसून दोन कप चहा घेतला आणि सासूबद्दलच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या. ही गेल्यापासून या घरात एवढं कुणी बोललं नव्हतं. ते गेल्यावर मी त्यांचा कप दुसऱ्या दिवसापर्यंत विसळला नाही.

दुसऱ्या वर्षी बांधाजवळ भोपळ्याचा वेल उगवला. (देवाशपथ, आपोआप.) साहेबांनी कपाळाला आठ्या घालून नोंद केली, वेल उपटायला लावला आणि पंधरा दिवसांनी फेरपाहणी ठेवली. फेरपाहणी म्हणजे पुन्हा दोन कप चहा! माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर घेवडा उगवला, मग काकडी, मग मिरचीची चार रोपं, तीही एका ओळीत. त्या वर्षी साहेब सहा वेळा आले. ते काही दुधखुळे नव्हेत. शेवटच्या खेपेला वही मिटत म्हणाले, "काका, मिरची पुरे झाली. आता दोडका लावा, आमच्या घरी आवडतो."

मी दोडका लावला. चांगला मांडव घातला. दोडके लोंबायला लागले आणि कचेरीतून पत्र आलं, की यापुढे पाहणी उपग्रहाच्या फोटोंवरून होईल, कुणी प्रत्यक्ष येणार नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी शेतात जाऊन वर बघतो आणि हात हलवतो. (फोटोत बरं दिसावं म्हणून दाढीही करतो.) वरच्या साहेबांना चहा कसा पाजायचा, हे काही सुचत नाही. दोडके मात्र त्यांना लगेच दिसले.

आता नोटीस आली आहे. यापुढे काही पिकवणार नाही, असं हमीपत्र महिनाअखेरीच्या आत द्यायचं, नाहीतर अनुदान बंद. त्यावर दोन्ही हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. हमीपत्र सोबत जोडलं आहे. ताई, तू इथे येऊन चार वर्षं झाली. खरं सांगायचं तर मला करमत नाही.

तुझा,
रिकाम्या शेताचा राखणदार

ता. क. हमीपत्र पाकिटात शोधू नकोस. ते इथेच राहिलं, चहाच्या डब्याखाली. सहीसाठी तुलाच यावं लागेल.

दुसरा ता. क. सही पोस्टाने चालते. मी कचेरीत दोनदा विचारून आलो. दाजींना सांगू नकोस.

तिसरा ता. क. आलीस की सही चुकीच्या जागी कर. नवीन कागद मिळायला पंधरा दिवस लागतात.