आबांचं नाव आणि तुझं मत

माय, परवा मत द्यायला गेले आणि तिथल्या पोरानं तुझ्या जावयाचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा तू आठवलीस आणि मी रांगेतच हसले. तू पहिल्यांदा मत दिलंस तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, आणि त्या वर्षी शेतसारा भरणाऱ्यांच्या बायकांनाही मत मिळालं होतं. आपली गल्ली पगडीवाल्या उमेदवाराची, नाल्यापलीकडची खादीवाल्याची. गल्लीला विहीर एक तसं मतही एक, आणि ते आबांनी आधीच कबूल करून टाकलेलं. पंचाईत एवढीच, की तुझं कोरीटचं माहेर पक्कं खादीवालं. बैल जुंपता जुंपता आबा तुला बजावतात, "बाई सासरे उनी म्हणजे तिन्हं मत बी सासरनंच." तू नुसता पदर सावरतेस.

आत साहेब विचारतो, "बाई, नवऱ्याचं नाव?" तू दारातल्या आबांकडे बोट दाखवलंस. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तुझ्या तोंडून कुणी ऐकलंच नव्हतं. साहेब म्हणाला, स्वतः सांगा, नाही तर घरी जा. मत बुडतंय म्हटल्यावर आबा दारातून ओरडले, "ले ना मन्हं नाव!" आणि तू घेतलंस. बापासकट, आडनावासकट, खणखणीत. दोन्ही गल्ल्या तोंडाला उपरणं लावून हसल्या. आबांना कुठे बघावं कळेना. परतताना गाडीत त्यांनी हळूच विचारलं, "मत कोनले दिधं?" तू म्हणालीस, "एक दिनमा माले कितलं बोलाडशात?"

पगडीवाला पडला आणि आबांच्या जिवाला घोर लागला. कापूस कधी विकायचा, थोरलीला कुठलं स्थळ बघायचं, सगळं तुला विचारायला लागले. बोलता बोलता मताचं निसटेल ही आशा. तू सल्ला द्यायचीस, मताचं मात्र अवाक्षर नाही. आबा गेले, तरी त्यांना कळलं नाही.

पुढे मीच विचारलं. "पगडीवालालेच दिधं," तू म्हणालीस. "मनमा खादीवाला व्हता, पन नाव लिधं आनि त्यासनं तोंड दखीसन माले दया उनी." मग त्यांना सांगितलं का नाहीस? "सांगी देती ते मंग माले कोन इचारतं?"

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून कबूल करते. ते ऐकून मी फार खट्टू झाले होते, माय. तुझ्या नातींना मी अजून खादीवालाच सांगते.