कपाटातले हँडग्लोज

११ नोव्हें., मंगळ. पहिली शिफ्ट.
फोर्कलिफ्टवाल्या आप्पांचा उजवा हात भाजला. आगीनं नाही, गॅसनं. फोर्कलिफ्टचा सिलिंडर बदलताना पाइपात उरलेलं प्रोपेन सुटलं, बोटं पांढरीफटक. इतक्या थंड गॅसनं कातडी जाते हे दर महिन्याला सेफ्टी ट्रेनिंगमध्ये मीच सगळ्यांना शिकवतो. आधी व्हॉल्व्ह बंद, मग पाइपातला गॅस संपून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, हँडग्लोज घालायचे, मगच नट सोडायचा.
आप्पांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. माल न्यायला ट्रक दारात, आणि मागून मीच ओरडत होतो, "आवरा आप्पा."
हँडग्लोज माझ्या कपाटात. कुलपात. ऑडिटला नवेकोरे दिसावेत म्हणून पाकीटही फोडलं नव्हतं.
आप्पांना दवाखान्यात नेल्यावर फोडलं. फरशीवर घासून मळवले आणि सिलिंडरच्या पिंजऱ्याशेजारी खुंटीला टांगले. घासताना लाज वाटत होती. तरी घासत राहिलो.

१२, बुध.
चौकशी. मॅनेजरनी विचारलं, हँडग्लोज दिले होते का? मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "दिलं व्हतं सायेब. म्याच घातलं न्हाई."
मी मान डोलावली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.
आप्पा कंत्राटी. गेटपास काढून घेतला. चूक कामगाराची ठरली की परत कामावर घेत नाहीत. हे त्यांना माहीत नाही, मला आहे.

१४, शुक्र.
सुट्टी टाकून इनामगावला, आप्पांच्या घरी. खरं बोलायचंच ठरवून गेलो होतो. काकूंनी चहा ठेवला आणि माझ्यादेखत त्यांना झापलं, "कंपनीनं एवढं दिल्यालं, तरी घालायचं न्हाई. सर, तुमी तरी किती सांगनार ह्यास्नी?"
आप्पा खाली बघत राहिले. मी चहा प्यालो. सगळा.
निघताना ते गाडीपर्यंत आले. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही असं का..."
"तुमची पोरं शिकत्यात. तुमची नोकरी गेली म्हंजी? माझं काय, म्हातारा मानूस, चुकलो म्हनलं की झालं." मग म्हणाले, "हात बरा झाला की घेत्याल नव्हं परत? तुमी सांगा की मॅनेजरला."
"सांगतो" म्हणालो. शिरूरपर्यंत स्वतःला शिव्या घालत आलो.

१६, रवि.
चौकशीचा कागद घरी आणलाय. 'साहित्य पुरवले होते, कामगाराने वापरले नाही.' खाली आप्पांची सही, डाव्या हातानं केलेली, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी. शेजारी माझ्या सहीची जागा कोरी. उद्या सकाळी रांजणगावला कंपनीत गेल्या गेल्या द्यायचाय.
हिनं विचारलं, कसला कागद? ऑडिटचा, म्हणालो. आता घरीही खोटं.
जेवण झाल्यावर दुसऱ्या कागदावर खरं लिहायला बसलो. तारीख घातली, माझं नाव घातलं. पुढं काय लिहायचं ते माहीत नाही असं नाही.