आयुधपूजेचा हार

गुरुवार, संध्याकाळ

थोरले भाऊ अण्णा जाऊन आज पंधरा दिवस झाले. हेब्बाळच्या सिग्नलला त्यांची गाडी उभी होती, लॉरीनं मागून ठोकलं. आज गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेटवरचा दसऱ्यातल्या आयुधपूजेचा सुकलेला हार बोटानं उचलून म्हणाला, "मॅडम, यामुळे त्यांना समोरचं दिसलं नसेल. स्वल्प चूक तुमचीही लिहू, क्लेम लवकर पास होईल."

मी म्हटलं, "मागून ठोकलंय."

"सरी, सरी, ठीक आहे. इथे सही करा."

हार पुढे, लॉरी मागे. उभ्या गाडीतून काय दिसायचं राहिलं होतं? गेलेल्या माणसाच्या माथी चूक मारायची, तीही म्हणे स्वल्प! सही केली नाही. "अण्णा थांबले होते, एवढंच लिहा."

तो फणकाऱ्यानं निघाला. त्याच्या स्कूटरलाही तसाच हार, थेट हेडलाइटवर.