एका मिलिबारची दुरुस्ती

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी पोटात घाल. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सकाळी साडेआठला नजर घड्याळाकडे जातेच. तुझीही जात असेल. त्या बेटावरच्या हवामान ठाण्यात बारा वर्षं रोज साडेआठला तू हवेचा दाब मोजलास. पाऱ्याची पातळी डोळ्यासमोर यावी म्हणून किती वेळ वाकून उभा राहायचास. आई भेटायला आली होती तेव्हा म्हणाली होती, एवढं मन लावून हा कधी आरशातही बघत नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. समुद्राच्या तापमानावर संशोधन करते. आपल्या जुन्या कार्यालयात आलेले आकडे तपासणाऱ्यांपैकी आता मीच एकटी उरलेय, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे धाडलं. तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. समुद्राचं पाणी वर्षानुवर्षं किंचित तापत जातं. त्यावरची हवा ऊन होते, हलकी होऊन वर सरकते, आणि तिथला दाब हळूहळू उतरतो. दूर कुठेतरी ती हवा खाली येते, तिथे तो चढतो. एका वर्षात काही कळत नाही. दहा-पंधरा वर्षांचे आकडे एकाखाली एक लावले तरच दिसतं. जहाजांनी टिपलेल्या पाण्याच्या तापमानावरून तिनं गणित मांडलंय. त्या बारा वर्षांत तुझ्या बेटावरचा दाब जवळजवळ एक मिलिबारनं उतरायला हवा होता.

तू पाठवलेल्या आकड्यांत तो तेवढाच उतरला होता.

ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला. तुझे आकडे खाली खाली जाताहेत म्हणून चौकशी बसली, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. निरीक्षक दुसरं यंत्र घेऊन बेटावर आले, दोन्ही यंत्रं जुळली. मग दोष उरला तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा. तुला ठाण्यावरून काढून टपाल नोंदवायच्या टेबलावर बसवलं. तू भांडला नाहीस. फक्त माझ्याशी बोलणं सोडलंस.

त्या मुलीनं विचारलं, "मावशी, माझ्या गणितात आजूबाजूला सगळीकडे उतार येतो, मग या एकाच ठाण्याच्या नोंदींची रेघ सपाट कशी?" मी म्हटलं, ठाण्यावरून आलेल्या आकड्यांत थोडं थोडं मिळवून आम्ही ती सपाट केली. तिचा चेहरा उजळला. किती मिळवलं ते सांगा, मी वजा करते, म्हणाली. पण मी दर महिन्याला वेगळा आकडा मिळवला होता, जुन्या सरासरीशी जुळेल इतका. माझे कच्चे कागद नाहीत. तुझी मूळ रजिस्टरं वीस वर्षांनी नियमाप्रमाणे रद्दीत गेली. मी कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की नोंदी अधिकृत आहेत, प्रकरण बंद झालेलं आहे. ते उत्तर दाखवलं तेव्हा मुलगी हळू आवाजात म्हणाली, हे ठाणं मला अभ्यासातून वगळावं लागेल. तुझी बारा वर्षं, धाकट्या.

आईनं शेवटच्या आजारपणात मला विचारलं होतं, त्याची खरंच चूक होती का गं? मी म्हणाले, होती. तिनं कूस बदलली आणि पुन्हा तुझा विषय काढला नाही.

ती मुलगी गुरुवारी तुझ्याकडे येतेय. तुझ्याजवळ एखादी खासगी वही असेल अशी तिला आशा आहे. बेट सोडताना तू ती समुद्रात टाकलीस, हे आईकडून मला कळलं होतं. मी तिला तसं सांगितलं, तरी ती येणारच म्हणते. मात्र जे मी तिला सांगितलं, ते तुला तिच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुझ्या चौकशीचा अहवाल मी लिहिला, त्या दिवशी पलीकडच्या दीपगृहाचं दाबाचं रजिस्टर माझ्या कपाटात होतं. मी ते उघडलं होतं. तिथला माणूस तुला ओळखतही नव्हता, आणि त्याचे आकडे तुझ्यासारखेच उतरत होते. पण बहीण भावाला पाठीशी घालतेय, अशी कुजबुज विभागात आधीच सुरू होती. मी रजिस्टर मिटलं, तुझ्या नावापुढे 'वाचनदोष' लिहिलं आणि सही केली. ते रजिस्टरही आता नाही, त्यामुळे माझा शब्द सोडला तर कसलाच पुरावा नाही, आणि माझ्या शब्दाची किंमत तुला ठाऊक आहे. ती आली की तिला दारात उभी ठेवू नकोस. तिचा यात काही दोष नाही.

तुझीच,
ताई