हळपतीवासाची वाट

कणेरा, १८ डिसेंबर १९९६

ती. मोटाभाई,

सा. न. वि. वि. भाभींच्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला का, ते आधी कळवा.

तुमची बहीण सरपंच झाली. एकवीस मतांनी. जेरामभाई रेतीवाल्याची बायको पुष्पा पडली. गावाने फटाके लावले, आश्रमशाळेतल्या माझ्या जुन्या मुलींनी सुताचे हार घातले, आणि मी मात्र चोरासारखी उभी होते. का, ते तुम्हालाच लिहिते.

मतदानाच्या सकाळी हळपतीवासातून, आमच्या शेतमजुरांच्या वस्तीतून, शाळेकडे येणाऱ्या वाटेवर जेरामभाईच्या माणसांनी ट्रॅक्टर आडवा घातला होता. वासातली दीडशे मजुरांची मतं माझी, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी पोचले तेव्हा बाया वाटेतच थिजून उभ्या होत्या. छना पुढे गेला. माझ्याच हाताखाली सातवी झालेला, आता दुधाचा टेम्पो चालवतो. आधी त्याने हात जोडले. ट्रॅक्टरवरच्या मंगुने त्याला आईवरून शिवी हासडली. तशी छनाने काठी घातली ती मंगुच्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग ट्रॅक्टर हलला, वास चालू लागला, मतं पडली.

आता सगळा वास म्हणतो, मंगु ट्रॅक्टरवरून पडला. मंगु स्वतःही तेच म्हणतो, हे तर मला मुळीच समजत नाही. फौजदार चहा पिऊन गेले. मला कुणी काही विचारलंच नाही. मी पंधरा हातांवर उभी होते, मोटाभाई.

काय करू? उशीर न लावता लिहा.

तुमच्या धाकात वाढलेली,
निरू

*

वडोदरा, २४ डिसेंबर १९९६

चि. निरंजना हिस अनेक आशीर्वाद.

भाभीचे गुडघे तसेच आहेत, जीभ मात्र उत्तम चालते. सरपंचबाई आल्या की आता आपण उठून उभं राहायचं का, असं विचारत होती.

अगं वेडे, चौतीस वर्षं मी कोर्टात कारकुनी केली. शपथ घेऊन खोटं बोलणारे रोज पाहिले. त्यातल्या कुणाचं जेवण कमी झाल्याचं ऐकलं नाही. तुला तर कुणी विचारलेलंही नाही. न विचारता गप्प बसण्याला खोटं म्हणत नाहीत, अशी माझी तरी समजूत आहे. आणि बोलून होणार काय? छना तुरुंगात, पुष्पा खुर्चीवर, जेराम नदीत. त्याने रेती उपसून विहिरी आटवल्या म्हणूनच तू उभी राहिलीस ना?

आपले वडील मिठाच्या सत्याग्रहात डोकं फोडून घेऊन आले, हे तू मला ऐकवशील. पण त्यांच्यासमोर परकं सरकार होतं, आणि त्यांना निवडून यायचं नव्हतं. तेव्हा तोंड मिट आणि रेती बंद कर.

खोकल्याचा काढा घेत जा. माया असू दे, राग नको.

मोटाभाई

*

कणेरा, २ फेब्रुवारी १९९७

ती. मोटाभाई,

सा. न. तुमचं ऐकून महिनाभर गप्प बसले. पुढचं वाचून रागावाल, पण पुरतं वाचा.

उत्तरायणाला जेरामभाई उंधियूचा डबा घेऊन स्वतः घरी आला. पाया पडला. म्हणाला की, बेन, मंगु पडला तो पडलाच, त्याला मी समजावलंय. आता नदीतली रेती बंद करायच्या ठरावाचं तुम्हीही जरा समजून घ्या. असं हसला, की जणू आमची वर्षानुवर्षांची भागीदारी आहे. मी गप्प बसले होते ते त्याने केव्हाच खिशात घातलं होतं.

डबा परत केला आणि छनाच्या ओट्यावर गेले. त्याला आधी सांगितलं की मी बोलणार आहे. तो बराच वेळ चप्पल उलटसुलट करत बसला. मग म्हणाला की, बेन, खरं बोलायला तुम्ही शिकवलंत, मार खायलाही शिकवलंत. वाट अडवली तर मत द्यायला कसं जायचं, ते कुठल्या धड्यात होतं? त्याची बायको रामी आतून ओरडली की, बेनचे हात स्वच्छ राहावेत म्हणून माझ्या माणसाने आत जायचं का! मी ओट्यावरून उतरले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सगळं सांगितलं. ठाण्यात लिहून दिलं, राजीनामा तालुक्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी छनाला नेलं. मंगुला भेटायला गेले तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाला की, तुमच्या खरेपणापायी शेठने मला कामावरून काढलं. वासातल्या बाया माझ्या घरावरून जाताना पदर ओढून घेतात.

खरं बोललं की हलकं वाटतं, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आले. मला तसं काही वाटत नाही. चुकले का, तेही कळत नाही.

भाभींना नमस्कार. नातं तोडू नका.

निरू

*

वडोदरा, १९ फेब्रुवारी १९९७

चि. निरू, आशीर्वाद.

पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही आणि तिसऱ्या दिवशी तुला न सांगता तुमच्या तालुक्याला गेलो. छना अकरा दिवसांनी सुटला तो माझ्या जामिनावर. कणेऱ्याला मुद्दामच आलो नाही. आलो असतो तर भांडण झालं असतं.

आता ऐक. मॅजिस्ट्रेटसमोर मी सांगितलं की, हा माणूस लहानपणापासून माझ्या घरी येतोजातो, याची चालचलणूक मला ठाऊक आहे. मी तर त्याला त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं! आयुष्यभर लोकांच्या खोट्या साक्षी लिहून घेतल्या, स्वतःची ही पहिलीच. भाभी म्हणते, बहिणीने खरं बोलून माणूस आत घातला, भावाने खोटं बोलून बाहेर काढला. दोघांनी मिळून एकदाच काय ते ठरवा.

छनाला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडी आल्यावर त्याने एवढंच विचारलं, बेनचा खोकला कसा आहे.

मेमध्ये पोटनिवडणूक आहे म्हणतात. उभी राहू नकोस.

तुझा,
मोटाभाई

*

तालुक्याचा दवाखाना, १४ मे १९९७

ती. मोटाभाई,

सा. न. वि. वि. मी उभी राहिले. शेहेचाळीस मतांनी पडले.

मी राहणारच नव्हते. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी रामी आली, तीन महिन्यांनी प्रथमच. म्हणाली की, उभ्या राहा. या वेळी आमचा कुणी हात उचलणार नाही. माझे डोळे भरून आले तर फटकारून बोलली की, रडू नका, तुमच्या धड्यांसाठी नाही काही, जामीन मोडेल म्हणून.

मतदानाच्या सकाळी दोन ट्रॅक्टर आडवे होते. बाया वाटेवरच बसल्या, मीही बसले. छना पुढे गेला, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. त्यांनी त्याला काठ्यांनी मारायला सुरुवात केली. पोलिसांची जीप वडाखाली उभी होती, ती तिथेच राहिली. शेवटी मारणारेच दमले. वाट मोकळी झाली तेव्हा दुपार टळली होती आणि अर्धा वास भिऊन घरी परतला होता.

छनाच्या तीन बरगड्या मोडल्यात. डॉक्टर म्हणतात, वाचेल. पुष्पाने काल सरपंचपदाची सूत्रं हाती घेतली. ट्रॅक्टर पहाटेपासून नदीत आहेत. शाळेतले मास्तर मला भेटून म्हणाले की, बेन, हरलात पण अहिंसा जिंकली. मी मान हलवली.

मोटाभाई, खरं काय झालं ते लिहिते. पाचव्या की सहाव्या फटक्याला छनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं, छना, उचल हात. हाण त्याला. शब्द ओठांपर्यंत आला होता. मी डोळे मिटून घेतले. तो माझी परवानगी मागत होता, की मी ती देऊ नये म्हणून पाहत होता, मला ठाऊक नाही. आणि मी गप्प राहिले ते तत्त्वासाठी, की तोही शब्द मला उद्या ग्रामसभेत सांगावा लागला असता म्हणून, हेही ठाऊक नाही.

छनाला हे अजून बोललेले नाही. तो शुद्धीवर आहे, मला पाणी मागतो, मी देते. सांगायला हवं ना? रामी भाकरी घेऊन आली आहे आणि मला सरकून बसायला सांगते आहे, म्हणून इथेच थांबते.

तुमची,
निरू